समुद्र सहाशे किलोमीटर दूर, तरी चक्रीवादळ बघायचं कसं? नागपूर-विदर्भकरांसाठी धागा

नागनदी

ऑक्टोबर तोंडावर आला की बंगालच्या उपसागरात हालचाल सुरू होते आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रंगीत नकाशे फिरायला लागतात. जांभळा गोळा, त्यातून निघालेली रेघ आणि खाली ओळ, "नागपूरकरांनो सावधान!" नाहीतर अगदी उलट, "विशाखापट्टणमला धडकणार, आपल्याला काय त्याचं?" मला या दुसऱ्या वाक्याची जास्त काळजी वाटते, म्हणून हा धागा.

२०२१ मधलं गुलाब चक्रीवादळ आठवा. २६ सप्टेंबरला ते उत्तर आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. वादळाची वाट दाखवणाऱ्या बहुतेक ट्रॅकरवर त्याचा रंग फिका होत गेला, वाऱ्याचा आकडा उतरला आणि लोकांनी ॲप बंद केलं. पण जमिनीवर आलेली ती प्रणाली तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्याच्या बाजूला सरकत राहिली. २८ तारखेला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एसटी वाहून गेली, माणसं दगावली. मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा जोर धरून त्याचं शाहीन झालं आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानला धडकलं. म्हणजे आपण बघणं थांबवलं तिथून पुढचा टप्पाच आपला होता.

वादळाला ताकद मिळते ती कोमट समुद्राच्या वाफेतून. साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेलं पाणी लागतं. जमिनीवर आलं की हा पुरवठा तुटतो, घर्षण वाढतं आणि वारा झपाट्याने पडतो. पण वर चढलेली वाफ लगेच कुठे जात नाही, ती पाऊस होऊन पडते. आपल्यापर्यंत वादळाचा वारा क्वचित पोचतो, पाणी मात्र पोचतं. म्हणून विदर्भात बसून ट्रॅकर उघडायचा तर वाऱ्याच्या रंगांकडे कमी आणि पावसाकडे जास्त बघायला हवं.

माझा बघण्याचा क्रम सांगतो. सगळ्यात आधी हवामान विभागाचं चक्रीवादळांचं पान. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांसाठी दिल्लीचं केंद्र हेच जागतिक हवामान संघटनेने ठरवलेलं अधिकृत केंद्र आहे, आपल्या भागातल्या वादळांना नावंही तिथूनच मिळतात. तिथे रोज एक पत्रक निघतं, त्यात पुढच्या काही दिवसांत कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता किती ते लिहिलेलं असतं. ते शांतपणे वाचलं की निम्म्या अफवा तिथेच गळून पडतात. मग इन्सॅटची उपग्रह चित्रं. मग विंडी, म्हणजे वाऱ्या-पावसाच्या अंदाजाचे नकाशे दाखवणारं संकेतस्थळ. आणि शेवटी सोनेगावच्या आपल्या प्रादेशिक केंद्राचा जिल्हावार अंदाज. बरेच जण विंडीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हवामान विभाग वादळाचे इशारे टप्प्याटप्प्याने देतो. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी. शेवटचा टप्पा असतो किनारा ओलांडल्यानंतरच्या अंदाजाचा, तो निदान १२ तास आधी येतो आणि त्यात आतल्या जिल्ह्यांची नावं असतात. टीव्हीवाले त्या वेळी किनाऱ्यावरच्या लाटा दाखवण्यात गुंतलेले असतात. आपल्या कामाचं पत्रक ते.

तुम्ही काय बघता, कसं बघता, लिहा.

संत्रावाला_काटोल

भाऊ, मुद्द्याचं बोलले. त्या टायमाले आमच्याकडे सोयाबीन सोंगून शेतात पडली असते, कापसाची पहिली वेचणी येऊन राहिली असते न् आंबिया बहाराची संत्री झाडावर लटकून असतात. मले वाऱ्याचा वेग नाही पाहिजे जी. मले एवढंच पाहिजे का परवा पाणी येते का नाही न् येते तं किती येते. विंडीवर एक मॉडेल म्हणते ५ मिलिमीटर, दुसरं म्हणते ६०. ५ असन तं ताडपत्री टाकून भागते. ६० असन तं रातोरात मजूर पाहून माल उचला लागते, न् त्या दिवसात मजूर भेटत नाही. कोणाचं ऐकाचं?

डेटावाला

काटोलच्या दादांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

विंडी स्वतः अंदाज करत नाही. ते दुसऱ्यांची मॉडेल, म्हणजे संगणकावर काढलेले हवामानाचे अंदाज, छान रंगवून दाखवतं. त्यातली आपल्याला लागणारी दोन, युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस. युरोपीय मॉडेलची जाळी, म्हणजे अंदाजासाठी नकाशाचे पाडलेले चौकोन, सुमारे ९ किलोमीटरची आहे, जीएफएसची त्याहून जाड. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची जाळी ६ किलोमीटरची. जाळी बारीक म्हणजे अंदाज बरोबरच असं समजू नका. पण गडगडाटी पावसाचे ढग मोठ्या चौकोनात हरवून जातात, ते बारीक जाळीत थोडे तरी सापडतात.

दोन मॉडेलांचे आकडे वेगळे आले तर लगेच सरासरी काढायला जाऊ नका. आधी बघा, दोघांची वाट वेगळी आहे की फक्त पावसाचा आकडा वेगळा आहे. एक मॉडेल अवशेष चंद्रपूर-गडचिरोलीवरून छत्तीसगडकडे नेत असेल आणि दुसरं आदिलाबादवरून यवतमाळकडे, तर काटोलला ५ आणि ६० हा फरक पडणारच. अशा वेळी खरा प्रश्न वाटेचा असतो. वाट कळण्यासाठी विंडीवर उंची बदला. जमिनीवरचा वारा सोडा, ७०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण ३ किलोमीटर उंचीवरचा वारा लावा. जमिनीवर चक्र दिसेनासं झालं तरी तिथे ते बराच काळ गोल फिरताना दिसतं. तो गोल रोज कुठे सरकतोय ते टिपा.

आणि एक रन बघून निर्णय नको. ही मॉडेल दिवसातून चार वेळा चालतात, आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे ५.३०, सकाळी ११.३०, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ११.३० च्या निरीक्षणांवर. निकाल बाहेर पडायला पुढे काही तास जातात. लागोपाठच्या दोन-तीन रनमध्ये वाट तीच राहिली आणि दोन्ही मॉडेल जवळ आली, की मजुरांना फोन करायला हरकत नाही. वाट प्रत्येक रनला उडी मारत असेल तर मॉडेललाच अजून नक्की कळलेलं नाही.

पाच दिवसांपलीकडचं चित्र फक्त "काहीतरी होऊ शकतं" एवढ्यापुरतं. जीएफएस दहा-बारा दिवस पुढची मोठाली वादळं दाखवण्यासाठी प्रसिद्ध आहे, त्यातली कित्येक जन्मालाच येत नाहीत. फिरणारे भीतीदायक फोटो बहुतेक तिथलेच असतात.

नागनदी

काटोलदादा, डेटावाल्यांच्या म्हणण्याला एक जोड. विंडीवर पावसाचा तात्कालिक थर बघण्यापेक्षा साचत जाणाऱ्या पावसाचा थर लावा, २४ तासांचा आणि ३ दिवसांचा. सरकत्या निळ्या ढगांवरून माणसाला काही कळत नाही, बेरीज कळते. आणि मेघदूत ॲप घेऊन ठेवा. त्यात जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी मराठीत येतो. सोंगणी थांबवा, माल झाका, फवारणी पुढे ढकला, असं थेट लिहिलेलं असतं.

मेघदर्शिनी

मी शाळेत भूगोल शिकवते, आमच्या मुलांचा उपक्रम सांगते. वादळ आलं की ट्रॅकर बघायच्या आधी मुलं पत्रकातले अक्षांश-रेखांश आलेखाच्या कागदावर स्वतः मांडतात. नागपूर आधीच ठळक करून ठेवलेलं असतं, २१.१ उत्तर, ७९.१ पूर्व. प्रत्येक बिंदूपाशी वेळ लिहायची. तीन-चार बिंदू पडले की मुलं आपोआप विचारतात, "मॅडम, काल एवढं चाललं आणि आज एवढंच का?" वादळाचा वेग दोन प्रकारचा असतो, आत फिरणाऱ्या वाऱ्याचा आणि संबंध वादळाच्या पुढे सरकण्याचा, हे त्यांना त्या दोन बिंदूंमधल्या अंतरावरून कळतं. मोठ्या माणसांचाही इथे नेहमी गोंधळ होतो. बातमीत "ताशी १५ किलोमीटर वेगाने पुढे सरकत आहे" असं असलं की लोकांना वाटतं वादळ किरकोळ आहे. उलट हळू सरकणारं वादळ एकाच जागी जास्त पाऊस ओततं.

वेळेचंही बघा. उपग्रह चित्रांवर आणि परदेशी संकेतस्थळांवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे. १२०० यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच.

आणि उन्हाळ्याचं कोणीच बोललं नाही. मे महिन्यात उपसागरात वादळ आलं की आपल्याकडे पाऊस येईल अशी आशा वाटते, होतं मात्र उलटं. मेमधली बरीच वादळं उत्तरेला, ईशान्येला वळतात, ओडिशा, बंगाल, बांगलादेश, म्यानमारकडे. २०२० चं अम्फान सुंदरबनात गेलं, २०२४ चं रेमल बांगलादेश-बंगालच्या किनाऱ्यावर. वारे वादळाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे पश्चिमेकडे असलेल्या आपल्यावर वायव्येचे कोरडे वारे येतात, राजस्थान-मध्य प्रदेशातून तापत आलेले. जी काही ओल असते ती वादळ आपल्याकडे खेचून घेतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वादळाची बातमी आली तर छत्री शोधू नका, कूलरची टाकी भरा आणि म्हाताऱ्या माणसांना दुपारी घराबाहेर पडू देऊ नका.

विशाखा_तट

मूळची धरमपेठेतली, लग्नानंतर विशाखापट्टणमला. १२ ऑक्टोबर २०१४ चं हुदहुद आम्ही घरात बसून काढलं, म्हणून किनाऱ्यावरची बाजू लिहिते.

सकाळपासून वारा एका बाजूने आदळत होता. मग तो पडला, इतका की शेजारचे लोक दार उघडून बाहेर आले. सासरे ओरडले, "कोणी बाहेर जायचं नाही." तो वादळाचा डोळा होता, मधला शांत भाग. थोड्या वेळाने वारा पुन्हा सुटला, या वेळी उलट्या दिशेने, आणि सकाळी तग धरलेल्या खिडक्या तेव्हा फुटल्या. विमानतळाचं छपरावरचं बांधकाम उडालं होतं, रस्त्यांवर झाडांचा खच पडला होता.

सांगायचं ते हे की त्या दिवशी आमच्याकडे एकही ऑनलाइन साधन चालत नव्हतं. आधी वीज गेली, मग टॉवर गेले. आदल्या रात्रीपर्यंत नागपूरचा माझा भाऊ उपग्रहाची चित्रं बघून फोनवर सांगत होता, डोळा किती लांब आहे, कधी पोचेल. त्या माहितीवर आम्ही पाणी भरलं, गाडी झाडाखालून काढली, औषधं जवळ ठेवली. तुमचं कोणी आंध्र-ओडिशा किनाऱ्यावर असेल तर त्यांचे डोळे तुम्हीच व्हा, पण आदल्या दिवशी. वादळ किनाऱ्यावर असताना वारंवार फोन करू नका. तिथल्या माणसाला बॅटरी वाचवायची असते.

नागनदी

विशाखाताई, हे लिहिलंत फार बरं केलंत. डोळ्याबद्दल सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

बर्डीवाला

एक शंका. झूम अर्थ या संकेतस्थळावर वाऱ्याचा वेग हवामान विभागाच्या आकड्यापेक्षा जास्तच दिसतो. कोण खोटं बोलतंय?

डेटावाला

कोणीच नाही. आपल्या भागासाठी अशी संकेतस्थळं बहुधा अमेरिकी नौदलाच्या केंद्राचे आकडे दाखवतात. ते एका मिनिटाच्या सरासरी वाऱ्याने मोजतात, आपला हवामान विभाग तीन मिनिटांच्या. एका मिनिटाचा आकडा वरच येणार. शिवाय तिकडे वेग नॉटमध्ये असतो, १ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. पण प्रशासन काय करणार, शाळा बंद होणार का, बोटी परत बोलावणार का, हे हवामान विभागाच्या वर्गवारीवर ठरतं. ताशी ६२ किलोमीटरला चक्रीवादळ होतं आणि त्याला नाव मिळतं, ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र, आणि २२२ च्या वर महाचक्रीवादळ. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात वारा ताशी २६० किलोमीटरच्या घरात होता.

या यादीत आपल्या कामाची ओळ सगळ्यात खालची आहे. ताशी ६२ च्या खाली दोन पायऱ्या असतात, डिप्रेशन आणि डीप डिप्रेशन, त्यांना नाव नसतं. पावसाळ्यात उपसागरातून ओडिशा, छत्तीसगड असं करत आपल्या दिशेने येणारी बहुतेक डिप्रेशन अशीच बिननावाची असतात. त्या दिवसांत वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत एवढी तफावत असते की चक्रीवादळाचा खांब उभाच राहत नाही. पाऊस मात्र भरपूर. आणि त्यांचा जोरदार पाऊस मुख्यतः केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. केंद्र जबलपूरवरून चाललंय म्हणून आपण सुटलो असं समजायचं नाही, कारण तेव्हा आपण नेमके त्या पट्ट्यात असू शकतो.

अंबाझरी_लेआउट

मला इथे तावातावानेच लिहायचं आहे, माफ करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घरात शिरलं. लोक झोपेत होते. त्या रात्री कुठल्याही ट्रॅकरवर नाव असलेलं वादळ नव्हतं. रेघ नाही, शंकू नाही, काही नाही. नावाची वाट बघणाऱ्या लोकांना मी हेच सांगते, की आपल्या शहरात पाणी आलं ते बिननावाच्या पावसाने.

अशा रात्री कामाला येतं ते रडार. नागपूरला हवामान विभागाचं डॉप्लर रडार आहे, त्याची चित्रं संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. पाऊस आता कुठे पडतोय आणि कोणत्या दिशेने सरकतोय ते त्यात दिसतं. लाल-जांभळे ठिपके एकाच जागी पुन्हा पुन्हा उगवत असतील तर ते वाईट लक्षण, कारण मागून नवे ढग येत राहतात आणि त्याच डोक्यावर रिकामे होतात. विजांसाठी दामिनी ॲप वेगळं आहे, शेतात काम करणाऱ्याच्या फोनमध्ये ते असलंच पाहिजे.

डेटावाला

रडारबद्दल पूर्ण सहमत. दोन काळज्या घ्या. चित्रावरची वेळ आधी वाचा, कधीकधी जुनंच चित्र पानावर अडकलेलं असतं आणि आपण त्याला आत्ताचं समजतो. दुसरं, पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा झोत जितका लांब जातो तितका जमिनीपासून उंच जातो. दोनशे किलोमीटरवर तो तीन-चार किलोमीटर उंचीवरून जात असतो. म्हणून गडचिरोलीच्या टोकाला कमी उंचीच्या ढगांतून पडणारा पाऊस नागपूरच्या रडारवर फिका दिसतो किंवा दिसतच नाही. पडद्यावर कोरडं दिसलं म्हणून तिकडे कोरडंच आहे असं नाही.

मेघदर्शिनी

साधनांच्या चुकीवरून आठवलं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान विभागानेच संवेदकात बिघाड असल्याचं सांगितलं. पण त्याच दिवशी शहराच्या आसपासची दुसरी केंद्रं ४४ च्या घरात होती, ती कोणी बघितली नाहीत. कोणताही एक आकडा अचंबित करणारा आला की शेजारची तीन-चार केंद्रं उघडायची, ही सवय मी मुलांना लावते. वादळातल्या पावसालाही हेच लागू आहे.

दापोलीची_मेधा

मी कोकणातली, नागपूरला नोकरीसाठी आहे. तुम्ही सगळे उपसागराचंच बोलताय. ३ जून २०२० ला निसर्ग आमच्याकडे अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या, काही वाड्या अजून पहिल्यासारख्या उभ्या राहिलेल्या नाहीत. ते तिथेच संपलं नाही, ईशान्येकडे महाराष्ट्र चढत गेलं आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम विदर्भावर त्याचं डिप्रेशन उरलं होतं. अरबी समुद्राकडेही तेवढंच लक्ष ठेवा.

बर्डीवाला

आणखी एक प्रश्न. आई-बाबा पुढच्या महिन्यात तिरुपतीला जाणार आहेत. आंध्रात वादळ आलं तर नागपूरहून जाणाऱ्या गाड्यांचं कळतं कसं?

विशाखा_तट

गाड्या बल्लारशा, काझीपेट, विजयवाडा अशा जातात. वादळ मच्छलीपट्टणम, काकीनाडा पट्ट्यात येत असेल तर विजयवाड्याच्या पुढचा किनारी मार्ग आधी बंद होतो आणि बऱ्याच गाड्या रद्द होतात किंवा वळवल्या जातात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मोंथा आलं तेव्हा असंच झालं, आणि किनाऱ्यापासून इतक्या आत असलेल्या वरंगळलाही पाण्याने वेढलं होतं. रेल्वेची घोषणा साधारण एक-दोन दिवस आधी येते. रेल्वेच्या एनटीईएस या चौकशी सेवेवर गाडीचा नंबर टाकून बघत राहा, आणि हवामान विभागाचा नारिंगी इशारा आंध्र किनाऱ्याला लागला की तिकिटाचा विचार त्याच दिवशी करा. ज्येष्ठ माणसं आहेत, मध्येच एखाद्या स्टेशनवर अडकायला नकोत.

धान_भंडारा

मोंथाचे अवशेषही तेलंगणातून पूर्व विदर्भ-छत्तीसगडकडेच आले होते. आमच्या भागात धान कापून कडपा बांधात पडलेल्या असतात. कडपा भिजल्या की दोन दिवसांत दाण्याला कोंब फुटतात, मग तो माल खरेदी केंद्रावर कोणी घेत नाही. डिसेंबर २०२३ ला मिचौंग बापटल्याजवळ गेलं, तेव्हाही इकडे पाऊस झाला आणि पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, भिजले. आमच्यासाठी तीन दिवसांची खबर म्हणजे सोनं आहे. तीन दिवस हातात असले की निदान पुंजणे उंचावर रचून वरून नीट झाकता येतात.

त्या नकाशावरच्या पांढऱ्या शंकूचं कोणीतरी सांगा. आमच्या गावात लोक म्हणतात, शंकू जेवढा मोठा तेवढं वादळ मोठं.

डेटावाला

हा फार मोठा गैरसमज आहे, बरं झालं विचारलंत. शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचं केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं याचा तो पट्टा आहे. पुढच्या दिवसांची खात्री कमी होत जाते म्हणून तो रुंदावतो. हवामान विभागाची २४ तासांच्या अंदाजातली सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे, तीन दिवसांच्या अंदाजात ती त्याहून बरीच जास्त असते. पाऊस या शंकूच्या बाहेरही शेकडो किलोमीटर पडू शकतो. भंडारा शंकूच्या बाहेर आहे म्हणून कडपा उघड्या ठेवू नका. पावसाचा वेगळा नकाशा बघा, हवामान विभागाचा जिल्हावार इशारा बघा.

संत्रावाला_काटोल

आता समजलं भाऊ. रेघ नाही पाहाची, ३ किलोमीटर उंचावरचा गोल पाहाचा न् तीन दिवसाच्या पाण्याची बेरीज पाहाची. मी यंदा गावच्या ग्रुपवर फोटो टाकण्यापेक्षा जिल्ह्याचं पत्रकच टाकत जाईन.

नागनदी

दादा, अगदी हेच हवं होतं. या धाग्यावरही एक पथ्य पाळूया. कोणतंही चित्र टाकलं तर ते कुठलं, किती तारखेचं, किती वाजताचं आणि कोणत्या मॉडेलचं, हे लिहायचंच. ते नसेल तर संपादकांनी चित्र काढून टाकलं तरी कोणी राग मानू नये. हंगामात दिल्लीच्या पत्रकातला विदर्भाचा भाग मी रोज संध्याकाळी इथे मराठीत लिहीन. मी नसलो तर मेघदर्शिनीताईंनी लिहावा, ही विनंती.

मेघदर्शिनी

लिहीन. मुलांनाही त्यात घेते.

धान_भंडारा

शेवटचं विचारतो. माझ्या काकांकडे साधा फोन आहे, इंटरनेट नाही, आणि शेत त्यांचंच सगळ्यात खोलगट. त्यांनी काय करावं?

नागनदी

किसान कॉल सेंटरला फोन लावायला सांगा, १८००-१८०-१५५१. पैसे लागत नाहीत, सकाळी ६ ते रात्री १० सुरू असतं, मराठीत बोलता येतं. जिल्हा आणि पीक सांगितलं की हवामानाचा अंदाज आणि काय करावं ते सांगतात. रेडिओ असेल तर आकाशवाणी नागपूरच्या बातम्यांची वेळ चुकवू नये. आणि तुमच्या गावातल्या एखाद्या तरुण पोराला सांगून ठेवा, की ऑक्टोबर ते डिसेंबर इशारा लागला की आधी काकांच्या घरी जायचं, ग्रुपवर नंतर.